मेली म्हणून सांगितलेली राजकन्या

माझ्या मोठ्या भावाने मला बैलगाडीतून वर्ध्याबाहेरच्या वसाहतीत आणून सोडलं तेव्हा मी विशीत होते आणि मला दोन वर्षांची मुलगी होती. मुलगी सासरीच राहिली. गालावर एक फिकट चट्टा आणि डाव्या हाताची दोन बोटं आत वळायला लागलेली, एवढंच मला झालं होतं. चुलीवरचा तवा उतरवताना हात भाजला आणि मला कळलंच नाही. सासूच्या ते लक्षात आलं. तिने आरडाओरडा केला नाही. माझ्या मांडीवरची मुलगी उचलली आणि घेऊन गेली. नवऱ्याने मला आर्वीच्या बाजूला माहेरी आणून घातलं. माहेरच्यांनी काही दिवस मागच्या खोपटात ठेवलं आणि मग इथे आणलं.

भाऊ फाटकाच्या आत आला नाही. "दिवाळीले येतो," म्हणाला. बोलताना तो बैलांकडे पाहत होता, त्यावरूनच मला समजलं की हा येणार नाही.

आत पडवीत एक गोरी बाई जमिनीवर बसून एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. अंगावर खादीचं पांढरं लुगडं, केस पुरुषासारखे कापलेले, मान उन्हाने भाजून लाल झालेली. म्हाताऱ्याचं झाल्यावर तिने मला स्टुलावर बसवलं आणि माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. मी तो झटकन मागे ओढला. आम्ही महार. रोग व्हायच्या आधीसुद्धा वस्तीबाहेरच्या कुणी मला हात लावला नव्हता. वाणी मिठाची पुडी वरून टाकायचा. आता तर वर रगतपिती, महारोग होता.

"पाय दे व," ती म्हणाली. "मले काम करू दे."

गोऱ्या तोंडातून आलेली आमची बोली ऐकून मी इतकी दचकले की पाय पुढे केला.

पहिले काही दिवस मी जेवत नव्हते. जर्मन धातूच्या ताटलीत भाकर आणि वरण यायचं, माझी ताटली तशीच राहायची. मरायचं असं ठरवलं नव्हतं, पण जगायचं कशासाठी तेही सुचत नव्हतं. रोज दुपारी मुलीची दूध प्यायची वेळ झाली की छाती भरून यायची. मग चोळी ओली व्हायची. दूध आटेपर्यंत मी पदर घट्ट लपेटून कोपऱ्यात बसून राहिले. एके दिवशी ती बाई येऊन शेजारी बसली. ओल्या चोळीकडे पाहिलं. म्हणाली, "माही बी पोरगी हाये. दूर हाये." मग तिने माझी भाकर मोडली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. तो मी खाल्ला.

मी चौथीपर्यंत शिकले होते आणि माझ्या बोटांत अजून जोर होता, म्हणून तिने मला मलमपट्टीच्या कामाला घेतलं. वापरलेल्या पट्ट्या हौदावर धुवायच्या, पिंपात उकळायच्या, तारेवर वाळवायच्या आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवायच्या. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो. तिचं वय चाळिशीच्या पुढे असावं. पट्ट्या गुंडाळता गुंडाळताच तिने एकदा सांगितलं, "माहा बाप राजा होता."

आम्ही बायका खूप हसलो. हिंगणघाटकडची एक म्हातारी होती, तिचं नाक रोगाने बसलेलं होतं. ती म्हणाली, "माहाही बाप राजाच होता व. म्हनून तर उपाशी मेला."

बाईही हसली. पण ती खोटं बोलत नव्हती. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी तिने मला सगळं सांगितलं. कधी शब्द सापडायचा नाही, मग हाताने दाखवायची.

तिचा देश लहान, डोंगरांचा. आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा असेल, असं ती म्हणायची. वाड्यात इतक्या खोल्या की हिवाळ्यात अर्ध्या बंद ठेवाव्या लागत, कारण त्या गरम करायला लाकूड पुरत नसे. तिला आणि तिच्या भावाला एका दाईने वाढवलं. आई संध्याकाळी एकदा भेटायची. दाई मुलांना न्हाऊ घालून, नवे कपडे घालून तिच्या दिवाणखान्यात न्यायची. मुलांनी आईच्या हाताचा मुका घ्यायचा आणि परत फिरायचं.

"मांडीवर नाई घे?" मी विचारलं.

"नाई. कपडे चुरगळते."

म्हातारी लगेच म्हणाली, "म्हंजे रगतपिती नसताना बी."

बाईने गुंडाळलेली पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतली, आणि म्हातारीला वाईट वाटलं.

लग्न दुसऱ्या एका राजघराण्यात झालं. नवरा सैन्यात होता. मुलगी झाली. मग युद्ध आलं. शत्रूचं सैन्य राजधानीजवळ आल्यावर तिच्या बापाने सगळं कुटुंब एका आगगाडीत घातलं. चांदीची भांडी घेतली, शिकारी कुत्रे घेतले. दाईला मात्र जागा नव्हती. गाडी सुटल्यावर ती म्हातारी फलाटावरून डब्याबरोबर धावत होती आणि बाईच्या मुलीची लोकरीची टोपी वर करून दाखवत होती. टोपी खाली राहिली होती. ती पोरीच्या डोक्याला हवी, म्हणून ती धावत होती. पुढे त्या शहरावर बॉम्ब पडले. दाईचं काय झालं ते कधी कळलं नाही. हे सांगताना बाई प्रत्येक वेळी थांबायची आणि तिथून पुढचं दुसऱ्या दिवशी सांगायची.

नवरा युद्धात मेला. राज्य गेलं, बाप परदेशात मेला. बाई मुलीला सासरच्यांजवळ ठेवून निर्वासितांच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला गेली. थोड्या महिन्यांसाठीच जायचं म्हणून गेली होती. परत आली तेव्हा सासऱ्याने मुलीला भेटू दिलं नाही. उवा, टायफॉइड आणि भिकाऱ्यांत राहून आलेली बाई घराला शोभत नाही, म्हणाला. तिची स्वतःची आई सासऱ्याच्या बाजूने बोलली. वकील झाले, कोर्ट झालं. मुलगी त्या घराची ठरली.

त्या छावणीत एक म्हातारा होता. तो पूर्वी वर्ध्याला येऊन राहून गेलेला. त्याने तिला इथलं सांगितलं. दुसरीकडे कुठे जायचं ते न कळल्यामुळे ती इथे आली.

"पोरगी मोठी होईन," ती मला म्हणायची. "सोताचं डोकं चालवन. मंग येईन."

मलाही तेच वाटायचं. माझी पोरगी चार वर्षांची झाली असेल, पाच वर्षांची झाली असेल, असं मी म्हणायची. तिकडची काहीच खबर नव्हती. दिवाळ्या येऊन गेल्या, भाऊ आला नाही. आमच्या गावचा एक माणूस नव्याने वसाहतीत दाखल झाला, त्याने मला पाहिलं आणि तो घाबरून उभाच राहिला. "तू त मेली होतीस," म्हणाला. भावाने गावात तसंच सांगितलं होतं. नवऱ्याने दुसरी बायको केली होती. पोरीलाही माय मेली असंच सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी बाईला हे सांगितलं. तिने हातातली पट्टी खाली ठेवली. "काऊन असं करते लोक?" म्हणाली. रोग घरात आहे असं कळलं की बाकीच्या पोरापोरींची लग्नं होत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी मेले तर ते होणार होतं. बाई म्हणाली, "आमच्यात असं नाई."

त्यानंतरच्या हिवाळ्यात, पळस फुलायला लागला होता आणि कापसाच्या गाड्या आर्वीकडे जात होत्या तेव्हा, तिचा भाऊ आला. एका संस्थानिकाकडे तो शिकारीला पाहुणा म्हणून आला होता आणि तिथून मोटारीने वर्ध्याला आला. बाईला निरोप आधी मिळाला होता. तिने त्या दिवशी लुगडं दोनदा बदललं. दोन्ही सारखीच पांढरी होती.

मोटार फाटकापाशी थांबली. उंच माणूस, टोपी हातात घेतलेली. तिचंच नाक, तिचेच डोळे. तो फाटकाच्या आत आला नाही. बाहेर निंबाच्या सावलीत उभा राहिला. मी आतल्या बाजूला पाण्याचा पेला घेऊन उभी होते. बाईने तो घेतला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने नको म्हणून मान हलवली. बाईने ते पाणी स्वतः पिऊन टाकलं.

ते त्यांच्या भाषेत बोलले. तो हळू आवाजात, खाली पाहून बोलत होता. मला एक शब्द कळत नव्हता, पण तसं उभं राहून बोलणं मी ओळखत होते. बाईचा आवाज चढला, मग एकदम बसला. तिने भावाच्या बाहीला हात लावला. त्याने हात झटकला नाही. तो फक्त हात सुटेपर्यंत श्वास धरून राहिल्यासारखा दिसला. मग तो मोटारीत बसला आणि गेला.

काय झालं ते तिने मला हौदावर बसून सांगितलं.

मुलगी अठरा वर्षांची झाली होती. तिचं लग्न ठरलं होतं, मोठ्या घरी. त्या घराचं राज्य अजून टिकून होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीची आई कुठे असते? त्यावर सासऱ्याने आणि बाईच्या आईने सांगितलं की ती हिंदुस्थानात तापाने मेली. मुलीलाही तसंच सांगितलं. मुलीने काळे कपडे घातले, चर्चमध्ये मेणबत्ती लावली. बाई दरमहा जी पत्रं पाठवत होती ती मुलीला कधीच दिली गेली नव्हती. वर्तमानपत्रात लग्नाची बातमी वाचून तिने येईन असं कळवलं होतं, म्हणून भाऊ शिकारीतून मुद्दाम सांगायला आला. तो म्हणाला, तू मेलेलीच राहा. मुलीचं भलं होईल.

"तुमच्यात असं नाई म्हनत होती," मी म्हणाले. बोलून गेल्यावर मला ते जिव्हारी लागणारं वाटलं, पण ती रागावली नाही.

"चूक होती माही," म्हणाली. "राजा काय नि कोन काय."

तिने उन्हाळ्याच्या तोंडाशी जायचं ठरवलं. व्यवस्थापकांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. प्रवासाची सोय तिने कशी केली मला ठाऊक नाही. गळ्यात एक बारीक साखळी असायची, ती नंतर कधी दिसली नाही. टांगा फाटकाशी आला तेव्हा सगळे रोगी पडवीत उभे होते. म्हातारी रडत होती आणि ओरडत होती, "पोरीले घेऊनच येजो!" आम्हाला खरंच वाटत होतं की आणेल. आमच्या सगळ्यांच्या वतीने ती चालली होती. घरच्यांनी मेली म्हणून सांगून टाकलेली अशी आम्ही तिथे पुष्कळ माणसं होतो.

ती पोळ्याच्या सुमारास परत आली. एकटीच. टांग्यातून उतरली, सरळ मलमपट्टीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं, पण तिचं लक्ष नव्हतं. भाकरीचा तुकडा तोंडात घालून विसरून जायची. एकदा गरम पिंपाला तिचा हात लागला आणि तिने काढला नाही. मी ओढून काढला. तव्याने भाजलं तेव्हा मलाही असंच कळलं नव्हतं. मी तिला डोळे मिटायला लावून हातावर कोंबडीचं पीस फिरवलं. "लागते?" विचारलं. "लागते," ती म्हणाली, "सगळं लागते." आणि मग ती रडायला लागली. मी तिला तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

रडणं थांबल्यावर तिने सांगितलं.

ती आईच्या घरी पोचली. वाडा नव्हे, परक्या शहरातलं भाड्याचं घर होतं. दार एका जुन्या नोकराने उघडलं. त्याने तिला ओळखलं आणि छातीवर हात ठेवून बाजूला झाला. आई खाटेवर होती. इतक्या वर्षांनी मुलीला पाहून ती पहिलं काय बोलली?

"हात दाखव," असं म्हणाली.

बाईने दोन्ही हात दाखवले, पालथे करून दाखवले. आईने चष्मा लावून पाहिले. बोटं पूर्ण आहेत हे पाहिल्यावर आईने नोकराला खुर्ची आणायला सांगितलं. खुर्ची दाराजवळ ठेवायला सांगितली.

त्या दुपारी मुलगी आजीला भेटायला यायची होती. लग्नाचे कपडे दाखवायचे होते. बाई खुर्चीवर बसून राहिली. दार उघडलं आणि मुलगी आत आली. बाई म्हणाली, उंची तिच्या बापाची होती. केस मात्र बाईचेच. मुलगी उभी राहिली. मग तिला कळलं. तिच्या तोंडातून आवाज निघाला आणि ती हात पसरून पुढे आली.

"येऊन राह्यली होती," बाई मला म्हणाली. "माह्याकडे येऊन राह्यली होती ती."

तेवढ्यात खाटेवरून आजी म्हणाली, "थांब."

आणि ती थांबली.

तिथेच, खोलीच्या मधोमध उभी राहिली. हात अजून पुढे होते. आजीने काहीतरी सांगितलं, लग्नाबद्दल, मुलाकडच्यांबद्दल. मुलगी ऐकत होती आणि आईकडे पाहत होती. हळूहळू तिचे हात खाली आले. ती रडत होती. "आई, लग्न होईपर्यंत कुणाला दिसू नकोस," म्हणाली. "मग मी त्यांना सांगेन. हळूहळू सांगेन. मी तुला बोलावीन."

"तू काय म्हनाली?" मी विचारलं.

"म्या हो म्हनलं."

लग्नाच्या दिवशी बाई रस्त्याच्या पलीकडे गर्दीत उभी होती. लोक झेंडे हलवत होते. शेजारच्या एका बाईने तिला विचारलं, नवरी किती सुंदर आहे नाही? बाई म्हणाली, हो. बग्गी समोरून गेली. मुलगी दुसऱ्या बाजूला पाहून हात हलवत होती.

"सांगन का ती त्यायले?" मी विचारलं.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतलं असतं का?" म्हणाली. मला खोटं बोलता आलं नाही, नसतं सांगितलं म्हणाले.

त्या वर्षी दसऱ्याला आमच्या भागातली माणसं बायकापोरांसकट नागपूरला गेली. कुणी गाडीने, कुणी पायी, पांढरे कपडे घालून. ती बौद्ध होऊन परत आली. वसाहतीत आम्हाला याच्या उडत्या बातम्या कळत होत्या. मग एका सकाळी फाटकातून कुणी माझ्या नावाने हाक मारली. माझा भाऊ. त्याने फाटक उघडलं आणि आत आला. थेट पडवीपर्यंत आला. पांढरा सदरा प्रवासाने मळला होता. माझ्यासमोर उभा राहिला. मग माझा वळलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"तिकडं सगळ्यांनी हात वर करून सांगतलं," तो म्हणाला, "आता कोनी उच्च नाई, कोनी नीच नाई. मी बी सांगतलं. अन घरी येऊन बसलो त मले तू दिसे. म्या तुले मेली म्हनून सांगतलं होतं. मले माफ कर."

मी त्याला माफ केलं की नाही, मला आजही नीट माहीत नाही. पण हात काढून घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळ्यांनी माझा रोग थांबला आहे, मी बाहेर जाऊ शकते. मी भावाला म्हणाले, "घरी नाई येत. मले पोरीकडे ने."

बाई हे ऐकत होती. तिने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, जाऊ नको म्हणेल. ती म्हणाली, "कोनी थांब म्हनलं, त तू थांबू नको."

सासरच्या गावी आम्ही दुपारी पोचलो. अंगणात सासू ज्वारी पाखडत होती. मला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. नवरा घरात होता, तो बाहेर आला नाही. मुलगी पायरीवर बसली होती. सहा-सात वर्षांची, मोठे डोळे, मळकी परकर-चोळी. मी तिचं नाव घेतलं. ती माझ्या हाताकडे पाहत होती. मग उठून घरात पळाली.

"पोट्टीले घाबरवू नको," सासू म्हणाली. "तिची माय घरात हाये. तू जा आता."

भाऊ भांडायला लागला. माणसं गोळा झाली. आपली लोकं दीक्षा घेऊन आली आहेत, असं भाऊ ओरडून सांगत होता, आणि काही जण मान खाली घालत होते, पण पुढे कुणी येत नव्हतं. मी थांबले नाही, पायरीपर्यंत गेले. दारात माझी सवत उभी होती. वयाने माझ्यापेक्षा लहान, पोटुशी. माझी पोरगी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींना पाहिलं. तिने पोरीला पुढे ढकललं नाही आणि मागेही ओढलं नाही. पोरीने वर पाहिलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "तुही माय हाये ती. मेली नाई."

पोरगी माझ्याजवळ आली नाही. मी तिच्या डोक्याला लावायला हात पुढे केला आणि तिने डोकं चुकवलं. मी परत फिरले. गावाच्या वेशीपर्यंत मला काही दिसत नव्हतं, भावाच्या हाताला धरून चालले. वेशीबाहेर मागून कुणी धावत आलं. सवत होती. धाप लागली होती, पोटाला हात लावून उभी राहिली.

"बाजाराच्या दिवशी आर्वीले येत जा," म्हणाली. "म्या पोरीले घेऊन येईन. घरी सांगू नको कोनाले."

मी वसाहतीत परत आले, कारण दुसरीकडे कुठे राहणार? बाजाराच्या दिवशी पुलगावहून छोट्या आगगाडीने आर्वीला जायची, हात पदराखाली झाकून. कांद्याच्या ढिगांजवळ सवत उभी असायची, पोरीला कडेला धरून. पहिल्या खेपांना पोरगी बोलली नाही. मग एकदा तिने माझ्या बोटांना हात लावून पाहिला आणि विचारलं, "दुखते?" मी नाही म्हणाले. त्या दिवशी तिने माझ्या हातून गूळ खाल्ला.

परत आले की बाई फाटकाशी वाट पाहत असायची. "काय बोलली?" विचारायची. मी सांगायची. ती प्रत्येक शब्द दोनदा ऐकून घ्यायची. तिच्याकडे तिकडून काही येत नव्हतं. मुलीला मूल झालं असं तिला एका परदेशी पाहुण्याकडून कळलं. मुलगा की मुलगी, ते त्या पाहुण्याला आठवत नव्हतं. बाईने ते त्याला तीन-तीनदा विचारलं. पाहुणा संकोचला. तो गेल्यावर ती हौदाच्या कठड्यावर कपाळ टेकून बसली आणि उन्हं कलेपर्यंत उठली नाही.

त्यानंतर ती झिजतच गेली. पुढच्या एका उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. मी बाजाराला गेले नाही, म्हणून काय झालं ते पाहायला सवत थेट वसाहतीत आली. कडेवर तिचं बाळ, हाताशी माझी पोरगी. फाटकाशी थबकली, मग पदर तोंडावर घेऊन आत आली. मी बाईच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. बाईने डोळे उघडले आणि माझ्या पोरीला पाहिलं.

"ये व," म्हणाली.

पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. मी मानेनेच जा म्हटलं. ती खाटेजवळ गेली. बाईने तिच्या केसांवर हात ठेवला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली, खूप वेळ, न थांबता. ते आमच्यासाठी नव्हतं. पोरगी हलली नाही. सवत दाराशी उभी राहून पाहत होती.

चार-सहा दिवसांनी बाई गेली. व्यवस्थापकांनी तिच्या भावाला तार केली. उत्तर आलं नाही. वसाहतीमागच्या शेताच्या कडेला तिला पुरलं. ज्यांना चालता येत होतं ते चालत आले, बाकीच्यांना आम्ही ढकलगाडीवर बसवून आणलं. हिंगणघाटची म्हातारी म्हणत होती, राजाची पोरगी गेली, राजाची पोरगी गेली, आणि आता कुणी हसत नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी आर्वीला गेले. सवतीने विचारलं, "बाई कशी हाये?" मी सांगितलं. तिने बाईला एकदाच पाहिलं होतं, तरी ती तिथेच कांद्यांच्या ढिगाशेजारी खाली बसली आणि रडायला लागली. मीही बसले. लोक वाट काढून जात होते. पोरगी आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती, परकराचा काठ हातात धरून, आणि आधी कुणाचे डोळे पुसावे हे तिला समजत नव्हतं.